दुसऱ्या बाकावर आमची ही

नवं शैक्षणिक धोरण आमच्या कॉलेजात आलं तेव्हा त्याला सगळ्यात जास्त नावं मी ठेवली, आणि म्हणूनच ते माझ्या गळ्यात पडलं. बैठकीत प्राचार्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "सरांचा एवढा अभ्यास आहे, तर समन्वयक तेच होतील." बाकीच्यांनी ताबडतोब टाळ्या वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी भूगोल शिकवतो. सोलापुरातल्या या जुन्या कॉलेजात मी शिकलो आणि इथंच नोकरीला लागलो. दगडी इमारत, लांबलचक व्हरांडे, आणि शाखाशाखांमधल्या भिंती त्या दगडांपेक्षा पक्क्या. आर्ट्सचा पोरगा सायन्सच्या जिन्यावर दिसला तर शिपाई त्याला हटकायचा, "वाट चुकलास काय रं?" आता सरकारचं म्हणणं असं, की सगळ्यांनी थोडीथोडी वाट चुकलीच पाहिजे. इतिहासवाल्यानं विज्ञानाचा एखादा विषय घ्यायचा, रसायनशास्त्राच्या मुलीनं आमच्याकडे येऊन नकाशे काढायचे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किल कोर्स, आणि प्रत्येकाचे वेगळे क्रेडिट. आधीच आम्हाला नॅकच्या मूल्यांकनाची कामं कमी नव्हती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

हे सगळं विद्यार्थ्यांना आणि पालकांना समजावून सांगायचं काम माझं. त्याची रंगीत तालीम मी घरी जेवताना करायचो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत श्रोता एकच, आमची ही. मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून माझ्या वक्तृत्वाचा सगळा भार तिच्यावर आहे. एके दिवशी मी मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट समजावत होतो. एक वर्ष करून थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी थांबलं तर डिप्लोमा, तीन वर्षं केली तर डिग्री, वगैरे.

तिनं आमटीची पळी तशीच हातात धरून विचारलं, "सोडलेल्याला परत येता येतंय?"

"हो."

"कुटल्याबी वयात?"

मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "शिक्षणाला वयाची अट नाही."

"मग मी येते," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली.

ही मूळची दुधनीची. सासऱ्यांचं तिथं डाळीचं दुकान. बारावी झाल्यावर हट्ट करून ती सोलापूरला आली, मुलींच्या हॉस्टेलवर राहिली आणि आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला बसू लागली. मी तेव्हा नुकताच कॉलेजात लागलो होतो, पण तिचा वर्ग माझ्याकडे नव्हता. ते वर्ष पुरं व्हायच्या आत आमचं लग्न ठरलं. सासऱ्यांचा हिशोब सरळ होता. शिकवणाराच जावई मिळतोय म्हटल्यावर मुलीनं शिकायचं कशाला? लग्नानंतर परीक्षेला बसायचं ठरलं होतं, पण तेव्हा मुलगी पोटात. पुढं अभ्यासक्रम बदलला, मग विद्यापीठच बदललं, आणि तिचं ते वर्ष कुठल्याच विद्यापीठाच्या खात्यात राहिलं नाही. ती त्यासाठी कधी रडली नाही. मुलगी पदवीधर झाली तेव्हा भाड्यानं आणलेला काळा गाऊन परत करायच्या आधी हिनं तो आरशासमोर एकदा अंगावर घातला होता, एवढंच. मी दारातून ते बघितलं, हे तिला अजून माहीत नाही.

आता जुन्या वर्षाचा काही उपयोग नव्हता. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, हे मी तिला दोनदा सांगितलं. खरं सांगायचं तर ती माघार घेईल अशी मला आशा होती. बायको आपल्याच कॉलेजात विद्यार्थिनी म्हणून हिंडणार, स्टाफरूममध्ये लोक काय काय बोलणार, याच्या कल्पनेनंच मला घाम फुटला होता. ती म्हणाली, "पीठ बिघडलं तर परत मळत न्हाय का आपण? मळायचं." मग जरा थांबून म्हणाली, "एक वर्ष बघते. जमलं तर पुढं. न्हाय जमलं तर तुमचं ते सर्टिफिकेट घेऊन घरी."

आमच्या कॉलेजानं पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर म्हणून पक्का करायचा, अशी पद्धत ठेवली होती. तिनं मराठी, राज्यशास्त्र आणि भूगोल घेतला. राज्यशास्त्र शिकायची तुला काय गरज, घरात ते पहिल्यापासून येतं तुला, असं मी म्हणालो. ती हसली नाही. पण भूगोल घेतलेला बघून मी मनातून सुखावलो, हे लपवत नाही.

पहिल्या तासाला ती दुसऱ्या बाकावर बसली होती. निळी इस्तरीची साडी, पुढ्यात वही, शेजारी बेगम पेठेतली एक मुलगी, जिच्या वडिलांचा टेम्पो आहे. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईच्या नावाच्या मधोमध नवऱ्याचं नाव असतं. त्यामुळे हजेरी घेताना मला स्वतःचंच नाव खड्या आवाजात पुकारावं लागलं. पुकारलं आणि मीच अडखळलो. तिनं मान वर न करता "येस सर" म्हटलं. सगळा वर्ग खदखदून हसला, मीही हसलो, फक्त तीच हसली नाही. चार दिवसांत पोरांना त्याचं काही वाटेनासं झालं. मला वाटेनासं व्हायला दिवाळी उजाडली.

मी आधीच महाविद्यालयाच्या नियमांत एक कलम घालून घेतलं होतं, की जवळचा नातेवाईक परीक्षेला असेल तर त्या शिक्षकानं त्याच्या मूल्यमापनात किंवा त्याबद्दलच्या निर्णयात तोंड घालायचं नाही. तिच्या चाचण्या माझे तरुण सहकारी तपासायचे. उद्या कुणी बोट दाखवायला नको. तिलाही ते पटलं होतं. पण मला मार्क द्यायचा अधिकार तिच्याकडून कुणी काढून घेतला नव्हता.

"सर," ती संध्याकाळी चहा देताना म्हणायची. कॉलेज सुरू झाल्यापासून ती मला घरीही सर म्हणू लागली होती, आणि त्यातला मान कुठं संपतो आणि थट्टा कुठं सुरू होते हे मला कधीच कळलं नाही. "सर, तुमी सगळा तास फळ्याशीच बोलता. फळ्याला सगळं आलंय आता."

एवढ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वर्गाकडे तोंड करून शिकवायला लागलो. मान अवघडली, पण पोरं प्रश्न विचारायला लागली. वाणिज्य शाखेची, ओपन इलेक्टिव्ह म्हणून आलेली पोरं तर इतके भलते प्रश्न विचारायची, की मला घरी येऊन पुस्तक उघडावं लागायचं. मी धोरणाला नावं ठेवणं सोडलं नाही, सवय जात नाही. पण नावं ठेवताना पूर्वीइतकी मजा येईना.

कॉलेजही बदलत होतं. वेळापत्रक म्हणजे पूर्वी एका फळ्यावर मावणारी गोष्ट. आता ते लावायला तिघं बसत आणि तिघं भांडून उठत. व्हरांड्यात सगळ्या शाखांची पोरं एकमेकांत मिसळून हिंडायची, आणि शिपायानं हटकणं सोडून दिलं होतं, कारण आता कोण वाट चुकलंय आणि कुणाचा तासच तिथं आहे हे त्यालाही सांगता येईना. मागच्या बाजूची गृहशास्त्राची प्रयोगशाळा तो विषय बंद पडल्यापासून कुलपात होती. ती आम्ही स्किल कोर्ससाठी उघडली. जळमटं काढली, गॅस जोडून घेतला. प्रत्येक कॉलेजानं आपल्या भागातलं काहीतरी शिकवावं असं वरून आलं होतं. मी सुचवलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. करणं, वाळवणं, बंद करणं, लेबल लावणं, टिकवणं. रसायनशास्त्राच्या एका तरुण मॅडमनी तो कोर्स हौसेनं हातात घेतला.

हिनं तो कोर्स घेतला तेव्हा मी म्हणालो, "यात तुला शिकायचं काय आहे?"

"कायच न्हाय," ती म्हणाली. "म्हणून तर घेतला. दोन क्रेडिट घरबसल्या."

आणि तिथंच घात झाला.

प्रात्यक्षिक परीक्षा अशी होती. आदल्या दिवशी भाकऱ्या थापून, भाजून वाळायला ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आणि चटणी पिशव्यांत बंद करून, वजन आणि तारीख लावून टेबलावर मांडायच्या. बाहेरगावच्या कॉलेजातल्या एक बाई परीक्षक म्हणून येणार, त्या माल बघून मार्क देणार. बाईंची एसटी वाटेत बंद पडली. त्या सकाळच्या निघालेल्या, येईपर्यंत जेवणाची वेळ उलटून गेली. पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण इतक्या जणींकडून ऐकलंय की बघितल्यासारखंच आहे.

बाई आत आल्या, पर्स ठेवली, चष्मा पुसला. आमची ही पहिल्याच टेबलावर. तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"बाई, तोंड सुकलंय तुमचं. जेवलात न्हाय वाटतं."

"असू दे, आधी परीक्षा आटपू."

"परीक्षा कुटं पळून चालली? बसा की घटकाभर."

आमच्याकडे भरल्या घरातून कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत. दुधनीत तर दुकानात डाळीचा भाव विचारायला आलेल्याला सासूबाई ताटावर बसवायच्या. आणि इथं तर समोर भाकरी, चटणी, सगळं मांडलेलं. हिनं कात्री घेतली आणि स्वतःची पिशवी कापली. भाकरी मोडून बाईंच्या पुढ्यात ठेवली, त्यावर चटणी, चटणीवर तेलाची धार. पलीकडच्या मुलीला दही आणायला कँटीनमध्ये पिटाळलं. बाई नको नको म्हणत पहिला घास घेऊन बसल्या, आणि मग नको म्हणायच्या थांबल्या. त्यांनी एकट्यानं जेवणं बरं दिसेना म्हणून मॅडमना बसवलं. दोन मोठ्या बायका जेवतात आणि पोरी उभ्या, हे कसं दिसतं, म्हणून पोरींना बसवलं. बेगम पेठेतल्या मुलीनं आपली पिशवी फोडली, मग तिच्या शेजारणीनं. कुणाची चटणी जास्त तिखट यावर चर्चा झाली.

मी समन्वयक या नात्यानं फेरी मारत तिथं पोचलो तेव्हा सगळ्या जमिनीवर गोल करून बसल्या होत्या. टेबलं रिकामी. परीक्षक बाई बोटाला लागलेलं तेल रुमालाला पुसत होत्या. त्यांनी टेबलांकडे बघितलं, मग हातातल्या गुणपत्रिकेकडे.

"मार्क कशाला देऊ आता?" त्या म्हणाल्या.

वजनाला मार्क, पिशवीला मार्क, लेबलाला मार्क, आणि माल सगळ्यांच्या पोटात. बाई वाईट नव्हत्या, पण कडक होत्या. जे समोर नाही त्याला मी गुण देऊ शकत नाही, म्हणाल्या. चव बघितली ती पाहुणी म्हणून, परीक्षक म्हणून नव्हे. त्यांचं बरोबर होतं. अख्ख्या बॅचला शून्य.

प्रकरण प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलं. बाई आत, मॅडम आत, आणि मी माझ्याच कलमानुसार बाहेर. बॅचमध्ये माझी बायको होती, मला तोंड उघडायचा हक्क नव्हता. आणि अडचण अशी, की हे शून्य पुसायचा रस्ता नियमांत होता. सत्र संपायच्या आत स्किल कोर्सचं प्रात्यक्षिक पुन्हा घेता येतं, हे सगळ्या कॉलेजात बहुधा मला एकट्यालाच पाठ होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर दात आवळून बसलो.

ही येऊन शेजारी बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आमच्या लग्नात तिनं असंच केलं होतं.

"पोरींचं नुकसान झालं माज्यामुळं," ती म्हणाली. "त्यांच्या आयांना काय सांगू मी? वर्ष झालं की मी थांबते. लई झालं."

बेगम पेठेतली मुलगी समोर उभी होती. ती म्हणाली, "काकू, फिकर नक्को करो. इतना अच्छा पेपर कभी गया नहीं मेरा." हिनं तिच्याकडे बघितलंही नाही.

मला तिनं थांबायला नको होतं. सुरुवातीला तिच्या येण्याची लाज वाटलेला माणूस मीच, आणि आता ती पुढच्या वर्षी दुसऱ्या बाकावर नसेल हा विचार मलाच सोसवत नव्हता. तिच्यासाठी वाईट वाटत होतं, ते तर होतंच. पण मला माझ्यासाठीही वाईट वाटत होतं. ती वर्गात असली की मी बरा शिकवतो, हे मला कळलं होतं. हे तिला तिथल्या तिथं सांगावं असं फार वाटलं. मी तिला पाणी आणून दिलं.

बऱ्याच वेळानं केबिनचं दार उघडलं. रसायनशास्त्राच्या मॅडम नियमपुस्तिका उघडी धरूनच बाहेर आल्या. त्यांनी फेरपरीक्षेचं ते कलम शोधून काढलं होतं. जुन्या पद्धतीत अशा वेळी पोरींना वर्षभर थांबावं लागलं असतं, आणि हिच्यासारखी बाई तर पुन्हा फिरकलीच नसती. आता पुढच्याच आठवड्यात परीक्षा पुन्हा होणार होती. ज्या धोरणाला मी वर्षभर शिव्या घातल्या त्याचे मी त्या व्हरांड्यात मनातल्या मनात आभार मानले. उघड मानायची अजून तयारी नव्हती.

परीक्षक बाई मागून आल्या. हिच्यासमोर थांबून म्हणाल्या, "मी पुन्हा येईन. पण घरून जेवून येईन."

"या की," ही डोळे पुसत म्हणाली. "तरी चहा घ्यावा लागंल."

दुसऱ्या वेळी सगळं नियमाप्रमाणं झालं. टेबलावर बंद पिशव्यांच्या रांगा, पोरी हाताची घडी घालून उभ्या. बाईंनी चहा परीक्षेनंतरच घेतला. सगळ्या पास झाल्या. हिला लेबलावर तारीख घालायला विसरल्याबद्दल मार्क कमी पडले, आणि ते तिला बरेच दिवस लागून राहिलं. "भाकरी बघून कळत न्हाय व्हय कधीची हाय ते?" पण ज्या पोरींचं नुकसान झालं असं तिला वाटत होतं त्याच आता आमच्या घरी अभ्यासाला यायला लागल्या, आणि येताना आयांनी दिलेलं काहीबाही घेऊन यायच्या. आमच्या दोन खोल्यांत चपलांना जागा पुरेना. मला आतल्या खोलीत हलवण्यात आलं.

वर्ष संपलं, निकाल लागला. थांबणार की पुढं जाणार हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं आणि ती 'थांबते' म्हणाली तर, ही भीती होती. मेजर पक्का करायच्या दिवशी सभागृहात प्रत्येक विभागाचं टेबल मांडलं होतं. आम्ही विभागप्रमुख आपापल्या पाटीमागं भाजीवाल्यांसारखे बसलो होतो, कुणाकडे किती गिऱ्हाईक जातं याच्यावर डोळा ठेवून. मुलं रांगेनं येत होती. मी दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होतो. शेजारच्या इतिहासाच्या सरांनी ते ओळखलं. "येतील हो वहिनी," ते म्हणाले.

ती आली. तीच निळी साडी, सोबत बेगम पेठेतली मुलगी. ती पुढं जाणार हे मला तिच्या चालण्यावरूनच कळलं आणि मी खुर्चीतच सैल झालो. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. मी समोरची खुर्ची पुढं ओढली आणि पेन उघडून ठेवलं. ती बसली नाही.

"सर, मी राज्यशास्त्र घेते," ती म्हणाली.

माझा चेहरा पडला असणार. इतिहासाचे सर छताकडे बघायला लागले.

"भूगोलात तुला मार्क चांगले आहेत," मी म्हणालो. "वर्षभर एक तास चुकवला नाहीस."

"तुमी घराबाहेर कसे असता ते बघायचं होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं डबा भरून देते, माणूस कुटं जातो, काय करतो, म्हाईतच नव्हतं. म्हणून बसले वर्षभर." आवाज खाली आणून ती पुढं म्हणाली, "बघितलं. चांगले असता. आता माजा इषय मला घेऊ द्या की."

मी उघडलेलं पेन बंद केलं. ती दोन टेबलं ओलांडून गेली आणि तिथली खुर्ची स्वतःच ओढून बसली.